आल्प्समधलं मोठं स्की रिसॉर्ट: ‘त्र्वा व्हाले’ला जाण्याआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लंडन, फ्रँकफर्ट, ॲमस्टरडॅमकडे नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी मंडळींत नोव्हेंबर उजाडला की हा विषय निघतोच. हल्ली पुण्या-मुंबईहून येणारे नातेवाईकही त्यात सामील होतात. खालची उत्तरं फ्रान्सच्या सावोआ भागातल्या त्र्वा व्हाले, म्हणजे तीन खोऱ्यांच्या स्की क्षेत्राला धरून दिली आहेत. मोठं म्हणजे किती मोठं, ते तिथे नीट कळतं.

रिसॉर्ट म्हणजे एखादं मोठं हॉटेल का?

नाही. रिसॉर्ट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लोणावळ्याचं गेट, तरणतलाव आणि बुफे येतो. इथे गेट नाही, कुंपण नाही. इथे अख्खी गावं आहेत, त्यांच्या डोक्यावरचे डोंगर आहेत आणि त्या डोंगरांना एकमेकांशी जोडणाऱ्या दीडशेहून जास्त लिफ्ट, म्हणजे तारेवरून वर नेणाऱ्या खुर्च्या आणि गोंडोला (बंद डबे), आहेत. सां-बों खोऱ्यात कूर्शव्हेल, मधल्या आल्यू खोऱ्यात मेरिबेल आणि पश्चिमेकडच्या बेलव्हिल खोऱ्यात सां-मार्तां, ले मेनुईर आणि व्हाल तोरांस. त्यात पलीकडच्या मोरिएन खोऱ्यातलं ओरेलही जोडलेलं आहे, म्हणजे नाव तीन खोऱ्यांचं असलं तरी हिशेब चारचा. आखलेल्या उतारांची, म्हणजे पिस्टांची, लांबी सुमारे ६०० किलोमीटर. एका पासवर सगळीकडे फिरता येतं.

उंचीचा अंदाज घ्यायचा तर कूर्शव्हेल बघा. हे एकच गाव नाही; १३००, १५५०, १६५० आणि १८५० अशा उंचीच्या आकड्यांनी ओळखल्या जाणाऱ्या त्याच्या वेगवेगळ्या वस्त्या आहेत. आपल्या कळसूबाईचं शिखर १६४६ मीटर, म्हणजे त्यातली तिसरी वस्ती कळसूबाईच्या माथ्याएवढ्या उंचीवर, आणि डोंगर तिथून पुढे सुरू होतो. लिफ्टने पोहोचता येणारी सगळ्यात उंच जागा ३२३० मीटरवर आहे.

एका आठवड्यात ६०० किलोमीटर होतात का?

होत नाहीत, आणि व्हायची गरजही नाही. जाहिरातीत हा आकडा सगळ्यात मोठ्या अक्षरात असतो आणि पहिल्यांदा जाणाऱ्याला त्याचा उपयोग सगळ्यात कमी. नवशिक्याचा पहिला आठवडा गावाजवळच्या काहीशे मीटर उतारावर जातो. तीन-चार दिवसांनी हिरवे, म्हणजे सगळ्यात सोपे, उतार आणि आठवडाअखेर त्यापुढचा एखादा सोपा निळा उतार जमला तर उत्तम झालं म्हणायचं.

म्हणून तिन्ही खोऱ्यांचा महाग पास पहिल्याच दिवशी घेऊ नका. एका खोऱ्याचा पास स्वस्त असतो आणि अगदी सुरुवातीच्या लिफ्टसाठी त्याहून स्वस्त, काही ठिकाणी चक्क फुकट सोय असते. गटात एखादा चांगला स्की करणारा असेल तर त्याने मोठा पास घ्यावा आणि सकाळी लवकर निघून जावं. सगळ्यांनी एकच पास घेतला पाहिजे असं काही नाही. पण आपल्याकडे ‘सगळे बरोबर फिरू’ म्हणण्याची सवय असते आणि तिथेच पैसे वाया जातात.

मग नवख्याने मोठ्या रिसॉर्टला जाऊच नये का?

एकटा नवखा असेल तर छोटं गाव बरं, असं माझं मत. पण कुटुंबात कोणी पट्टीचा, कोणी घाबरट, कोणी सात वर्षांचं आणि कोणी फक्त बघे असतील, तर मोठ्या जागेला तोड नाही. प्रत्येकाला आपापलं काहीतरी सापडतं.

कोणत्या गावात राहायचं?

सहलीची अर्धी मजा किंवा अर्धा वैताग या एका निवडीत असतो.

कूर्शव्हेल १८५० म्हणजे श्रीमंतांचा अड्डा. पंचतारांकित हॉटेलं, मोठमोठ्या ब्रँडची दुकानं, आणि वर डोंगरात चक्क एक विमानतळ, ज्याची धावपट्टी जेमतेम ५३७ मीटर लांब आणि तीही उतरती. तिथे राहणं परवडत नसलं तरी बिघडत नाही; त्याच कूर्शव्हेलच्या खालच्या वस्त्यांत दर बरेच कमी असतात आणि गावातली बस फुकट असते. ल प्राझमध्ये, म्हणजे १३०० च्या वस्तीत, १९९२ च्या आल्बरव्हिल हिवाळी ऑलिंपिकचे स्की-जंपचे रॅम्प अजून उभे दिसतात.

मेरिबेल मधोमध असल्यामुळे दोन्ही बाजूंना जायला सोयीचं. एका स्कॉटिश माणसाने, पीटर लिंडसेने, १९३८ मध्ये हे उभं केलं. लाकडी शॅले, उतरत्या छपरांची घरं आणि इंग्रज पाहुण्यांची गर्दी. इंग्रजीवर सगळं निभावतं, पण भाव मात्र चढे.

ले मेनुईर दिसायला फारसं देखणं नाही. साठ-सत्तरच्या दशकातल्या काँक्रीटच्या लांबलचक इमारती बघून काहींचा हिरमोड होतो. पण दारातून बाहेर पडलं की पायाखाली बर्फ, आणि भाडं कमी. व्हाल तोरांस २३०० मीटरवर, युरोपातलं सगळ्यात उंच स्की गाव. बर्फाची खात्री तिथे सगळ्यात जास्त, पण झाडं नाहीत. वारा सुटला की लपायला आडोसा नाही.

अगदी कमी खर्चात करायचं तर खाली ६०० मीटरवर ब्रीद-ले-बां आहे. गरम पाण्याच्या झऱ्यांचं जुनं गाव. तिथून गोंडोलाने पंचवीसेक मिनिटांत मेरिबेलला पोहोचता येतं. फक्त गोंडोला बंद व्हायची वेळ पाठ पाहिजे.

कधी जावं?

मोसम साधारण डिसेंबरच्या सुरुवातीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत. व्हाल तोरांस नोव्हेंबरच्या अखेरीपासून मेच्या सुरुवातीपर्यंत. नाताळ आणि नववर्ष महाग. फेब्रुवारीत फ्रेंच शाळांना सुट्ट्या लागतात, त्याही देशाचे तीन विभाग करून पाळीपाळीने, त्यामुळे जवळजवळ चार आठवडे गर्दी हटत नाही. जानेवारीचा दुसरा-तिसरा आठवडा स्वस्त आणि मोकळा, पण थंडी कडाक्याची. लहान मुलं आणि वयस्कर माणसं बरोबर असतील तर मार्चचा मध्य बघा. ऊन लांबतं आणि बर्फ दुपारपर्यंत चांगला राहतो. एप्रिलमध्ये सकाळी उतार काचेसारखा कडक असतो आणि दुपारी दोनला त्याचा चिखल होतो.

व्हिसा आणि प्रवासाचं काय?

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. मुक्काम फ्रान्समध्ये असेल तर अर्ज फ्रान्सकडेच करायचा, मग विमान स्वित्झर्लंडच्या जिनिव्हाला उतरत असलं तरी चालतं. जिनिव्हा, ल्यों आणि शांबेरी हे जवळचे विमानतळ. पॅरिसहून रेल्वेने थेट पायथ्याच्या मूतिएला उतरता येतं. तिथून बस नागमोडी घाटाने वर जाते. गाडी लागणाऱ्यांनी पुढच्या सीटवर बसावं.

गाडी भाड्याने घेणार असाल तर १ नोव्हेंबर ते ३१ मार्च या काळात डोंगराळ भागात हिवाळी टायर किंवा साखळ्या जवळ असणं कायद्याने बंधनकारक आहे. जिनिव्हाला गाडी घेताना हे तोंडी विचारून घ्या आणि साखळी कशी चढवायची ते कोरड्या पार्किंगमध्येच करून बघा. बर्फात, अंधारात, मागे वीस गाड्यांची रांग असताना शिकायची ही गोष्ट नव्हे.

आणि शनिवार. बहुतेक घरं शनिवार ते शनिवार भाड्याने देतात, त्यामुळे त्या दिवशी अख्खं खोरं एकाच वेळी रिकामं होतं आणि भरतं. तासाभराच्या रस्त्याला तीन तास लागू शकतात. रविवार ते रविवार मिळालं तर डोळे झाकून घ्या.

खर्च किती?

प्रौढ माणसाचा तिन्ही खोऱ्यांचा सहा दिवसांचा पास ४०० युरोच्या आसपास. दर दरवर्षी बदलतात. पाच वर्षांखालच्या मुलांना पास मोफत, पण वयाचा पुरावा दाखवावा लागतो. त्यात साहित्याचं भाडं, शिकवणी, राहणं आणि जेवण. डोंगरावरच्या हॉटेलात साधं दुपारचं ताट वीस-तीस युरोला पडतं. डबा नेला तर बसायला स्वतंत्र खोल्या असतात. तिथे पोळीभाजी काढली तर कोणी वळूनही बघत नाही.

कपडे आणि साहित्य विकत घ्यावं का?

स्की, बूट, काठ्या, हेल्मेट सगळं भाड्याने मिळतं. आधी ऑनलाइन ठरवलं तर दुकानात जाऊन घेण्यापेक्षा स्वस्त. विकत घ्यायचेत ते गॉगल, जलरोधक हातमोजे आणि चांगल्या मोज्यांचे दोन जोड. जॅकेट-पँट ओळखीत कोणाकडून तरी मिळते. जीन्सवर जाऊ नका. दोनदा पडलात की ती ओली होऊन गोठते.

सगळ्यात जास्त वेळ बुटांना द्या. दुकानात बूट घालून सरळ उभे राहिलात की अंगठा पुढे टेकला पाहिजे आणि गुडघे वाकवले की तो सुटला पाहिजे. टाच जागची हलता कामा नये. पायात मोजा एकच. दोन घातले की घड्या पडतात आणि नडगीवर वळ उठतात. थर्मल पँटची कडा बुटात खोचली तरी तेच होतं. दुकानदार वजन, उंची, वय आणि ‘किती येतं’ असं विचारून बाइंडिंगचा, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या खटक्याचा, ताण लावतो. इथे फुशारकी मारू नका आणि वजनही कमी सांगू नका: पडल्यावर स्की पायातून वेळेवर सुटणं याच आकड्यावर ठरतं. बूट दुखत असेल तर दुसऱ्या दिवशी जाऊन बदलून घ्या. भाड्यात ते धरलेलं असतं आणि दुकानदारांना त्याची सवय असते.

शिकवणी लागते का? नवरा/भाऊ/मित्र शिकवेल की.

शिकवेल, आणि दुसऱ्या दिवशी दोघं बोलणार नाहीत. शिकवणी लावा. फ्रेंच स्की स्कूलचे लाल जॅकेटवाले शिक्षक सगळीकडे दिसतात, इतर खाजगी शाळाही आहेत. इंग्रजी बोलणारा गट मागून घ्यावा लागतो. सुट्टीच्या आठवड्यात महिनाभर आधी नोंदणी केलेली बरी.

पहिल्या सकाळी एकच स्की पायात घालून सपाटीवर चालायला लावतात. मग सरकत्या पट्ट्यावर उभं राहून वर जायचं आणि स्कीची पुढची टोकं जवळ, मागची लांब अशी धरून सावकाश खाली यायचं. पडणं ठरलेलं. उठताना मात्र गंमत होते: स्की उताराच्या दिशेने असतील तर उठता उठता माणूस परत घसरतो. आधी पाय फिरवून दोन्ही स्की उताराला आडव्या करायच्या, मगच हातावर जोर द्यायचा. आणि पडल्यावर स्की निघाली असेल तर पुन्हा घालण्याआधी बुटाच्या तळाला चिकटलेला बर्फ काठीने ठोकून काढा, नाहीतर ‘खट्’ असा आवाज येतच नाही आणि आपण बाइंडिंगला शिव्या देत बसतो.

मुलं तीन-चार वर्षांपासून शिकू शकतात आणि आठवडाअखेर बिल्ला मिळवून आईबाबांना मागे टाकतात. त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

उतारांचे रंग काय सांगतात?

फ्रान्समध्ये हिरवा सगळ्यात सोपा, मग निळा, लाल, काळा. पण रंगावर आंधळा भरवसा नको. उतार तोच असला तरी सकाळी नऊला, रात्री यंत्राने विंचरून ठेवलेला असताना तो वेगळा, आणि दुपारी चारला हजार लोकांनी उकरून ठेवल्यावर वेगळा. गावाकडे परतणारे निळे उतार संध्याकाळी फार गर्दीचे असतात. टकरा होतात त्या तिथेच. नियम सोपा: जो खाली, पुढे आहे त्याचा हक्क आधी. मागून येणाऱ्याने सांभाळायचं.

कडेच्या खांबांवर उताराचं नाव आणि आकडा असतो, खाली जाताना आकडे उतरत जातात. धुक्यात उजव्या बाजूचे खांब ओळखू यावेत म्हणून त्यांचं वरचं टोक भगवं रंगवलेलं असतं. कोणी जखमी झालं तर वरच्या बाजूला दोन स्की फुलीसारख्या रोवायच्या, ११२ किंवा गस्ती पथकाला फोन लावायचा आणि उताराचं नाव व खांबावरचा आकडा सांगायचा. पासवर पथकाचा नंबर नसेल तर नकाशाच्या मागे असतो. सकाळीच फोनमध्ये भरून ठेवा.

चेअरलिफ्टची भीती वाटते.

सगळ्यांना वाटते. पाठीवरची पिशवी काढून पुढे घ्या, पट्टे लोंबकळत ठेवू नका, खुर्ची पोटऱ्यांना लागली की बसा आणि दांडा खाली ओढा. उतरताना स्कीची टोकं वर, उभं राहायचं आणि सरळ पुढे जायचं. तिथेच थांबून फोटो काढू नका. मागून सहा जण येत असतात.

संध्याकाळी दुसऱ्या खोऱ्यात अडकलो तर?

मोठ्या रिसॉर्टमधला हा खरा धोका, हाडं मोडण्याइतका गंभीर नाही पण खिशाला चांगलाच लागणारा. खोरी डोंगरमाथ्यावरून जोडलेली आहेत, खालून नाही. माथ्यावर नेणाऱ्या लिफ्ट साधारण साडेचारच्या सुमाराला, कडक हिवाळ्यात त्याआधीही बंद होतात. मेरिबेलहून कूर्शव्हेलला परतताना सोलीरच्या २७०० मीटरवरच्या माथ्यावर नेणारी शेवटची फेरी चुकली, तर स्कीवरून पाऊण तासात संपणारा रस्ता टॅक्सीने खाली खोऱ्यात उतरून पुन्हा वर चढून करावा लागतो. व्हाल तोरांसहून कूर्शव्हेलला टॅक्सीने परतणं म्हणजे दुसऱ्या दिवशीचा पास गेला असं समजा. स्की बूट घालून टॅक्सीची वाट बघत उभं राहायचं ते वेगळंच.

लांब जाणाऱ्यांनी दुपारी अडीच-तीनला परतीला लागावं. थकलेला माणूस, निबर झालेला बर्फ आणि शेवटच्या लिफ्टची घाई, अपघाताला एवढं पुरतं.

हवा बिघडली तर?

वारा वाढला की आधी माथ्यावरच्या लिफ्ट बंद होतात, आणि मग ६०० किलोमीटरचं क्षेत्र एका क्षणात तीन सुट्या तुकड्यांचं होतं. पांढऱ्या ढगात आकाश आणि बर्फ एकच दिसतात. उतार चढता आहे की उतरता तेही कळत नाही. अशा दिवशी मेरिबेल किंवा ल प्राझच्या बाजूला, झाडांमधल्या उतारांवर जा. झाडं दिसली की डोळ्यांना पकड मिळते.

ऊन असलं तरी क्रीम लावा. ताजा बर्फ खालूनही ऊन परतवतो, त्यामुळे हनुवटी आणि नाकाच्या खालची कातडी आधी भाजते. सावळ्या रंगाला ऊन लागत नाही हा भ्रम पहिल्याच दिवशी उतरतो.

हिमस्खलनाची भीती किती?

उघडे आणि आखलेले उतार सांभाळलेले असतात; धोका वाटला तर पथक रात्री-पहाटे स्फोट करून बर्फ आधीच पाडतं. पहाटेचे ते धमाके ऐकून घाबरू नका. दोरीपलीकडचा सुंदर, न तुडवलेला बर्फ मात्र तुमच्या जबाबदारीवर. दोन उतारांच्या मधली पट्टीही त्यातच आली. धोका १ ते ५ अशा श्रेणीत जाहीर होतो आणि ३ म्हणजे ‘मधला, म्हणून चालेल’ असा अर्थ काढणं जिवावर बेततं. वाटाड्या, शोधयंत्र, सळई आणि फावडं यांच्याशिवाय तिकडे जायचं नाही.

विम्यात काय बघायचं?

व्हिसासाठी काढलेला ३०,००० युरोंचा प्रवास विमा पुरेल असं गृहीत धरू नका. कित्येक पॉलिसींत हिवाळी खेळ वगळलेले असतात. बारीक अक्षरं वाचा. फ्रान्समध्ये उतारावरून जखमी माणसाला घसरगाडीने खाली आणलं तर त्याचं बिल येतं. पास घेताना ‘कारे नेज’ नावाचा रोजच्या हिशेबाचा विमा मिळतो, काही युरोंचाच. घ्या.

शाकाहारी माणसाचं कसं होणार?

होईल, पण विचारून खावं लागेल. तार्तिफ्लेत म्हणजे बटाटा आणि रब्लोशाँ चीज, पण त्यात डुकराच्या मांसाचे तुकडे असतात. राक्लेत म्हणजे वितळवलेलं चीज उकडलेल्या बटाट्यांवर. सोबतचं मांसाचं ताट नको म्हणून आधीच सांगायचं. फॉन्द्यूत, म्हणजे पाव बुडवून खायच्या वितळलेल्या चीजमध्ये, मांस नसतं, पांढरी वाईन असते. आणि कडक शाकाहारी असाल तर एवढं माहीत असू द्या की बोफोर, रब्लोशाँ अशी इथली पारंपरिक चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने विरजतात.

म्हणून बरेच जण स्वयंपाकघर असलेला स्टुडिओ घेतात. डाळ-तांदूळ न्या, पण दुधाचे पदार्थ आणि मांस युरोपीय संघाबाहेरून आणायला बंदी आहे. तूप आणि पेढे घरीच ठेवा. २३०० मीटरवर पाणी ९२ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही. छोटा कुकर न्या, मात्र स्टीलचा. शेगडी इंडक्शनची निघाली तर ॲल्युमिनियमचा शोभेला राहतो. फोडणी देताना खिडकी उघडा. धुराचा भोंगा मोहरीलाही घाबरतो.

स्टुडिओत सहा जण मावतात असं लिहिलंय. खरंच?

झोपायला मावतात. फ्रेंच जाहिरातीत ‘सहा जणांसाठी’ म्हणजे पंचवीस-तीस चौरस मीटर, दारापाशीच्या बोळात दोन बंक, दिवाणखान्यात दोन ओढून उघडायचे सोफे. सहा प्रौढ, सहा ओली जॅकेटं आणि एक बाथरूम. चौघांनी सहाचं घ्यावं.

आई-बाबा स्की करणार नाहीत. त्यांनी काय करायचं?

पायी जाणाऱ्यांसाठी वेगळा, स्वस्त पास मिळतो. त्यावर गोंडोलाने माथ्यावर जाऊन, स्वच्छ दिवशी मों ब्लां शिखर बघून, कॉफी पिऊन खाली येता येतं. मेरिबेलच्या जंगलातून दाबून तयार केलेल्या पायवाटा आहेत. व्हाल तोरांसला सहा किलोमीटरची घसरगाडीची वाट आहे, पण ती धडधाकटांसाठी. व्हाल तोरांसच्या उंचीवर पहिल्या रात्री झोप उडते, डोकं जरा दुखतं. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून खालच्या गावात राहावं.

एवढ्या लांब कशाला, गुलमर्ग आहे की?

आहे, आणि भारतातून येणाऱ्याने पहिले धडे तिथेच गिरवावेत असं मी सांगेन. तळाच्या सपाट मैदानावर शिकणं कमी खर्चात होतं. पण वरचा अफरवटचा डोंगर मोकळा, बहुतांशी न विंचरलेला. तो पट्टीच्या लोकांचा. मधल्या पातळीचा, लांबलचक, सोपा उतार तिथे फारसा नाही. आल्प्सची मोठी रिसॉर्टं नेमकी याच मधल्या माणसासाठी बांधली आहेत.

निघायच्या दिवशी काय लक्षात ठेवायचं?

बहुतेक स्टुडिओ सकाळी दहापर्यंत रिकामे करावे लागतात आणि सफाई आपणच करायची असते. नाहीतर ठेव म्हणून अडकवलेल्या रकमेतून पैसे कापतात. चादरी-टॉवेल भाड्यात आहेत का तेही बुकिंगच्या वेळी बघा. साहित्य शुक्रवारी संध्याकाळीच परत करा, शनिवारी सकाळी दुकानात उभं राहायला जागा नसते. मूतिएहून रेल्वे पकडायची असेल तर वेळापत्रकाप्रमाणे पुरेल त्याच्या एक आधीची बस घ्या.